उड्डाणपुलाखालची स्कार्फवाली

मोर्चाचा फोटो लांबून काढू नये, असं माझं ठाम मत आहे. लांबून माणसं दिसत नाहीत, नुसती गर्दी दिसते, आणि गर्दीचा फोटो कुणीही काढतं. मी झूम नसलेली पस्तीस एमएमची लेन्स लावते आणि जवळ जाते, घोषणा देणाऱ्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास येईल इतकी जवळ. जेवढी एका बाजूच्या जवळ, तेवढीच दुसऱ्या बाजूच्या. हा नियम माझा मीच केलेला आहे. मोडला तर विचारणारं कुणी नाही, पण मला झोप लागत नाही.

पोट मात्र पासपोर्ट फोटोंवर आणि लग्नांवर भरतं. हडपसरला भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत आमचा स्टुडिओ आहे. काउंटरवर नवरा, कॅमेऱ्यामागे मी. रस्त्यावरच्या फोटोंना गिऱ्हाईक नसतं, म्हणून नवरा त्याला 'तुझं देवदर्शन' म्हणतो. मी कॅमेरा गळ्यात अडकवून निघाले की तो चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, "जाऊन ये. प्रसाद घेऊन येऊ नकोस म्हणजे झालं." प्रसाद म्हणजे पोलिसांची काठी. एकदा आणला होता, कोपरावर.

त्या उन्हाळ्यात सीमेवर युद्ध सुरू झालं. हडपसरपासून सीमा कितीतरी लांब, पण एका आठवड्यात ती आमच्या गल्लीतून जायला लागली. हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा वाजला आणि मंडईतल्या बायका हातातली मेथी टाकून पळाल्या. रसवंतीवाल्याने चरकाला झेंडा बांधला. ज्या घरी मी आयुष्यभर चहा प्यायले, त्या घरी टीव्हीचा आवाज एवढा मोठा असायचा की चहा नको म्हणून उठावंसं वाटे. कुणी काही विचारलं की आधी समोरचा कोण आहे ते बघून मग उत्तर द्यायची सवय लागली.

त्याच दिवसांत काही माणसं रोज संध्याकाळी उड्डाणपुलाखालच्या फूटपाथवर उभी राहू लागली. निवृत्त शिक्षक, एक वकीलबाई, कारखान्यातले दोघे-तिघे, कॉलेजच्या मुली. घोषणा नाहीत, भाषण नाही. हातात पुठ्ठ्याचे फलक, 'युद्ध नको' एवढंच. दुसऱ्या दिवसापासून रस्त्याच्या पलीकडे दुसरी गर्दी जमू लागली. तिच्याकडे झेंडे होते, स्पीकर होता, मोटारसायकली होत्या आणि आवाज होता. मधे दुभाजक, दुभाजकावर दोन कंटाळलेले पोलीस आणि मी.

दोन्ही बाजूंना माझा राग यायचा, हे माझं बक्षीस. शिक्षकांपैकी एक जण मला म्हणाले, "अहो बाई, त्या लोकांचे फोटो कशाला काढता? त्यांना तेच तर हवंय." मी म्हटलं, "सर, तुमचेही काढतेय. तुम्हाला नको असलं तर सांगा." त्यांनी फलक जरा उंच धरला. पलीकडून ओरडा व्हायचा, "काकू, देशाच्या बाजूने काढा!" मी हात हलवायचे. पलीकडचा पुढारी आमच्याच गल्लीतला, गणपती मंडळाचा अध्यक्ष. गल्लीत त्याला सगळे अध्यक्षच म्हणतात, त्याची आईसुद्धा. त्याचं लग्न मी काढलं, त्याच्या मुलाचं बारसं मी काढलं. लग्नातला त्याचा आणि बायकोचा फोटो आमच्या दर्शनी काचेत सगळ्यात मोठा लावलेला आहे. करोनाच्या टाळेबंदीत गल्लीतल्या म्हाताऱ्यांना भाजी आणि औषधं पोचवणारा हाच. वाईट माणूस नाही. म्हणूनच त्याची भीती वाटायची.

पुठ्ठेवाल्यांमध्ये एक बाई रोज यायची आणि अगदी कडेला उभी राहायची. तिचा चेहरा कुणी पाहिला नव्हता, आणि त्याचं कुणाला नवल नव्हतं. पुण्यात बाई स्कूटरवर बसली की तिचा चेहरा नाहीसा होतो. स्कार्फ डोक्यावरून घ्यायचा, नाकावरून ओढायचा, मानेमागे गाठ मारायची, वर गॉगल, अंगात पांढरा सनकोट, हातात मोजे. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, या सगळ्या दरोडा घालायला चालल्यात की काय. धूळ आणि ऊन हे कारण सांगतात, पण खरं सांगायचं तर त्या कापडाआड जरा निवांत वाटतं, कुणी बघत नाही. सख्खी बहीण सिग्नलला शेजारी येऊन थांबली तरी ओळखू येत नाही. ही बाई स्कूटर मंडईच्या पार्किंगमध्ये लावून चालत यायची आणि स्कार्फ न सोडता उभी राहायची. तिच्या फलकावर लिहिलं होतं, 'सगळ्यांना घरी परत येऊ द्या.'

बाकीच्यांवर ओरडून पलीकडची पोरं कंटाळली, तेव्हा त्यांनी तिला धरलं. तोंड लपवते म्हणजे काहीतरी असणार. बाहेरची असणार. पैसे घेतले असणार. "स्कार्फवाली, तिकडंच जा राहायला!" स्पीकरवरून सुरू झालं की थांबायचं नाही. ती हलायची नाही. मी तिचे कितीतरी फोटो काढले, सगळे सारखेच आले. कापड, गॉगल, पुठ्ठा.

आणि एक दिवस फार उकडत होतं. ती रस्त्याकडे पाठ करून पुलाच्या खांबाकडे वळली, गॉगल वर केला, स्कार्फ हनुवटीखाली ओढला आणि बाटली तोंडाला लावली. मी खांबापाशीच होते. गुडघ्यावर बसले आणि बटण दाबलं. विचार केला नाही. या कामात विचार नंतर येतो. ती तिशीतली होती, ओठ सुकलेले, डोळे रडून किंवा जागून लाल झालेले. तिच्या खांद्यावरून मागे, रस्त्यापलीकडे, अध्यक्ष झेंडा उंच धरून ओरडत होता आणि त्याचं उघडं तोंड चौकटीत बरोबर तिच्या कानाशी आलं होतं. कधी कधी न बघताही कळतं की फोटो मिळाला. तो मिळाला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, झटकन स्कार्फ वर ओढला. मी सवयीने कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढलं, कमरेच्या बटव्यात टाकलं आणि दुसरं घातलं.

ही सवय लग्नांतली आहे. एका कार्डावर अख्खं लग्न ठेवायचं नाही. सीमांतपूजन एकावर, अक्षता दुसऱ्यावर, जेवणाच्या पंगती तिसऱ्यावर. ओळखीच्या एका फोटोग्राफरचं अख्खं लग्न एका कार्डासकट उडालं होतं आणि नवरीच्या बापाने त्याला हॉलबाहेर सोडलं नव्हतं. तेव्हापासून महत्त्वाचं काही मिळालं की माझा हात आपोआप कार्डाकडे जातो.

सगळे पांगल्यावर ती रसवंतीपाशी माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"मॅडम, तो फोटो पुसा."

"मी फोटो पुसत नाही."

"मॅडम, प्लीज. तुम्हाला कळत नाहीये."

"मग कळेल असं सांगा," मी म्हटलं. माझा स्वभाव तिरसट आहे, विनंतीलाही मी उलट बोलते.

ती इकडेतिकडे बघून अगदी हळू बोलली. "माझे मिस्टर तिकडे आहेत. पुढे. आठवडा झाला, फोन लागत नाही. मी इथे उभी राहते हे त्यांच्या युनिटमध्ये कळलं तर त्यांना उत्तरं द्यावी लागतील. घरी सासऱ्यांना कळलं तर वेगळंच. मी खराडीला कामाला जाते, येताना अर्धा तास इथे थांबते, मग मांजरीला घरी. घरी टीव्हीवर दिवसभर बॉम्ब पडत असतात आणि सासरे म्हणतात, आणखी टाका. त्यात त्यांचाच मुलगा आहे हो."

रसवंतीचा चरक फिरत होता. पलीकडून ज्यांनी तिला रोज 'तिकडंच जा' म्हणून हिणवलं होतं, त्यातला एकही तिकडे कधी जाणार नव्हता, आणि हिचा माणूस खरोखर तिकडे होता. आणि हिला ते बोलून दाखवायची सोय नव्हती. मला इतका संताप आला की हातातला ग्लास हिंदकळला.

तरीही फोटो मी पुसला नाही. तो चांगला होता म्हणून, आणि त्या दिवसांत काय चाललं होतं हे त्या एका चौकटीत होतं म्हणून. मी म्हटलं, "पुसणार नाही. पण तुम्ही स्वतः येऊन सांगितल्याशिवाय तो स्टुडिओबाहेर जाणार नाही. कुणी काहीही केलं तरी."

गॉगलच्या काचांत मला माझाच चेहरा दिसत होता. "मग सांभाळा," ती म्हणाली आणि मंडईकडे गेली. पार्किंगमध्ये तिच्यासारख्या बऱ्याच जणी स्कार्फ बांधत, स्कूटरी काढत होत्या. कोणती ती, ते मलाही मग सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते कार्ड कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. फोटो उघडला आणि बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघत बसले. मग आतल्या खोलीत एका नवरदेवाचा फोटो सुधारायला घेतला. तेवढ्यात अध्यक्ष आला. चप्पल बाहेर काढून. ती त्याची रीत आहे.

"काकू, कालचा एक फोटो द्या."

"कुठला? तुझे तर खूप आहेत."

"माझा नाही. तिचा. पाणी पिताना. तुम्ही गुडघ्यावर बसला होता, मी पलीकडनं बघितलं."

तो स्टुलावर बसला, आवाज खाली आणला. "कोण हाय, कुठली हाय, लोकांना कळलं पाहिजे. ग्रुपवर टाकला की अर्ध्या तासात पत्ता लागतो. आम्ही तिला हात लावणार नाही, आईशपथ. नुसतं घरी जाऊन विचारायचं, बाई तुमचा प्रॉब्लेम काय हाय."

"कितीजण जाणार विचारायला?"

"जेवढे येतील तेवढे."

"फोटो नाही," मी म्हटलं.

तो हसला. "काकू, तुम्ही आमच्याच. पण पोरांना मी किती आवरणार? पोरं तापलीत. उद्या कुणी एक दगड मारला, काचच आहे, फुटते."

नवरा काउंटरवर कात्रीने पासपोर्ट फोटो कापत होता. मान वर न करता म्हणाला, "फोडा की. पण आधी तुमचा लग्नाचा फोटो काढून न्या. काचा घुसल्या तर वहिनींचा चेहरा खराब व्हायचा."

अध्यक्षाचे कान लाल झाले. त्याने चपला घातल्या आणि दारात थांबून म्हणाला, "संध्याकाळी भेटू, काकू." तो गेल्यावर नवऱ्याने कात्री खाली ठेवली.

"आज देवदर्शन राहू दे," तो म्हणाला.

"ती येणार," मी म्हटलं.

चार्जरवरून बॅटरी काढून, कार्ड घालून नवऱ्याने कॅमेरा भरून ठेवला, रोज ठेवतो तसा.

संध्याकाळी पुलाखाली नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. बातम्या वाईट होत्या. सीमेजवळच्या कुठल्या तरी गावाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, ते कुठे आहे ते कुणाला माहीत नव्हतं. ती कडेला उभी होती, तोच फलक धरून. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, जा बाई, आज जा. ती गेली नाही.

मग पलीकडची पोरं दुभाजक ओलांडून आली. आजवर कुणी ओलांडला नव्हता. दोघांपैकी एक पोलीस कुठेतरी गेला होता आणि दुसरा फोनवर बोलत होता, निदान तसं दाखवत तरी होता. शिक्षक आणि वकीलबाई पुढे झाले, त्यांना बाजूला सारलं गेलं. पोरांनी तिच्याभोवती कडं केलं. "तोंड दाखव! तोंड दाखव!" टाळ्यांच्या ठेक्यावर. कुणीतरी फलक ओढून घेतला. एकाने तिच्या मानेमागच्या गाठीकडे हात नेला.

मी फोटो काढत होते. हे सांगितलंच पाहिजे. माझा डोळा कॅमेऱ्याला होता आणि बोट चालत होतं. तो हात गाठीला लागलेला मला त्या छोट्या चौकटीत दिसला आणि बोट थांबलं.

"ए!" मी ओरडले. मांडवात पाहुण्यांना गप्प करायचा माझा आवाज मोठा आहे. "सोड तिला! फोटो माझ्याकडे आहे. अध्यक्ष, इकडे ये. कार्ड घे."

अध्यक्ष वळला. मला वाटतं, त्यालाही तो हात आवडला नव्हता. "ए, बाईला हात लावू नका रे," तो ओरडला. "काकूंकडे हाय सगळं." कडं सुटलं. पोरं माझ्याकडे आली. मी कॅमेऱ्याचं झाकण उघडून कार्ड काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. पोरांच्या डोक्यांवरून मला दिसलं, ती मंडईकडे चालत निघाली होती, धावत नव्हती. तिथे भाजी घेऊन परतणाऱ्या, स्कार्फ बांधलेल्या बायकांची झुंबड होती. त्यात ती मिसळली. दोन पोरं तिच्यामागे गेली आणि हात हलवत परत आली. कुणाकुणाला अडवणार होती?

मी दिलं ते फक्त आजच्या फोटोंचं कार्ड, असं मी धरून चालले होते. पण ते कार्ड त्याच्या हातावर ठेवताना मला एकदम आठवलं की कॅमेरा आज मी भरला नव्हता, नवऱ्याने भरला होता. काल बटव्यात टाकलेलं कार्ड सकाळी उतरवून घेतल्यावर मी टेबलावर ठेवलं होतं. आमची सगळी कार्डं काळी, एकसारखी. त्याने टेबलावरचंच उचलून घातलं असेल तर तिचा चेहरा आता अध्यक्षाच्या खिशात होता. तिला वाचवायला म्हणून मीच तिला त्यांच्या हाती दिलं असतं.

मी स्टुडिओपर्यंत कशी आले, आठवत नाही. रिक्षावाल्याने शिवी दिली तेवढं आठवतं.

"अहो, कॅमेऱ्यात कुठलं कार्ड घातलंत?"

"का?"

"कुठलं घातलंत ते सांगा आधी!"

त्याने चष्मा काढला, माझा अवतार पाहिला. "रिकामं. ड्रॉवरमधलं. भरलेलं कार्ड कोण घालतं? लग्नाचा धंदा करतो आपण."

टेबलावर काळं कार्ड तसंच पडलं होतं. मी त्यावर हात ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसून रडले. नवऱ्याने पाणी आणून दिलं, शटर अर्धं खाली ओढलं.

अध्यक्षाच्या कार्डात त्याला त्याची स्वतःचीच माणसं सापडली. दुभाजक ओलांडताना, टाळ्या वाजवताना, कुणाच्या तरी मानेकडे हात नेताना. आणि एका फोटोत तो स्वतः, झेंडा घेऊन, मागे उतरतं ऊन. त्याचा मला मेसेज आला: 'काकू तिचा नाहीच आला वाटतं. माझा भारी आलाय.' दुसऱ्या दिवशी तोच फोटो त्याच्या मोबाइलवरच्या नावापुढे लागला होता. नवरा म्हणाला, "कार्ड परत माग. फोटो त्याला आवडला, कार्ड आपलं आहे." ते कार्ड काही परत आलं नाही.

ती मात्र पुन्हा आली नाही. पुठ्ठेवाले आणखी काही दिवस उभे राहिले. तिचा फलक वकीलबाईंनी उचलून आणला होता. एक कोपरा दुमडलेला, तसाच धरायच्या. मग एका दुपारी टीव्हीवर जाहीर झालं की युद्ध थांबलं. गल्लीत पेढे वाटले. स्टुडिओतही कुणीतरी आणून ठेवले. पेढे आपण जिंकलो म्हणून आहेत की थांबलं म्हणून, ते ज्याचं त्याने ठरवायचं होतं.

थोड्याच दिवसांत कळलं, मांजरीचा एक जवान शेवटच्या गोळीबारात गेला. त्याला आणणार होते. सगळं हडपसर मांजरीच्या रस्त्याला लोटलं. मीही गेले, तीच लेन्स, तेच अंतर. दोन्ही कडेला माणसं, उसाच्या बांधावर शाळेची मुलं, नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांत फुलं घेऊन बायका. पुढे मोटारसायकली, झेंडे, स्पीकर. 'अमर रहे' म्हणून अध्यक्षाचा घसा बसला होता. तो खरोखर रडत होता. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

घराच्या अंगणात मी गर्दीतून पुढे सरकले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत तिचा चेहरा आला. स्कार्फ नाही, गॉगल नाही, कुंकू नाही. तो चेहरा मी कॉम्प्युटरवर इतका वेळ पाहिला होता की ओळखायला क्षणही लागला नाही.

तिथे ती कोण आहे हे फक्त मला माहीत होतं. सगळ्यांसाठी ती वीरपत्नी होती. अध्यक्ष पुढे गेला, चपला लांब काढून ठेवून. तिच्या पायांवर डोकं टेकवलं. "वहिनी, आम्ही आहोत. काही लागलं तर हाक मारा." तिने खाली बघितलं. तो आवाज तिला पाठ होता. तिच्या चेहऱ्यावरचं काहीच हललं नाही. मग तिने मान वर केली आणि माणसांतून सरळ माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं. पुढचे फोटो सगळे हललेले आले.

दिवसकार्य झाल्यावर काही दिवसांनी स्टुडिओच्या दारात स्कूटर थांबली. स्कार्फ, गॉगल, सनकोट. मागच्या सीटवरून एक टोपीवाले म्हातारे उतरले आणि दारातच थांबले. ती आत येऊन म्हणाली, "पेन्शनच्या कागदांना फोटो पाहिजेत." मी तिला स्टुलावर बसवलं. तिने स्कार्फ सोडला. मी रोज म्हणते तेच म्हटलं: मान सरळ, खांदे सैल, इकडे बघा.

फोटो झाल्यावर तिने विचारलं, "तो आहे ना?"

मी तिला कॉम्प्युटरवर दाखवला. सुकलेले ओठ, पाण्याची बाटली, मागे उघडं तोंड आणि झेंडा. ती बराच वेळ बघत होती.

"हा मोठा करून बाहेर काचेत लावा."

"नीट विचार केलाय ना?" मी म्हटलं. "ते ओळखतील."

"ओळखू देत. मी लपत होते ती ह्यांना त्रास होऊ नये म्हणून. आता ह्यांना कुणी काय त्रास देणार?"

मी दाराकडे पाहिलं. म्हातारे सासरे टोपी हातात घेऊन उभे होते. "लाव, बाई," ते म्हणाले. "ती रोज कुठं उभी राहत हुती ते आता सांगितलं तिनं आम्हाला. मी घरात बसून टाका, टाका म्हनत हुतो." टोपीची घडी करत म्हणाले, "टीव्ही बंद हाय आता घरात."

मी तो हवा तेवढा मोठा केला. खाली काही लिहिलं नाही. काचेत एकच जागा रिकामी होती, अध्यक्षाच्या लग्नाच्या फोटोशेजारी.

तिसऱ्याच दिवशी तो आला. गाडीवरून जाताना पुढे गेला, मग मागे आला. काचेसमोर किती वेळ उभा होता, ते मी आतून बघत होते. आधी त्याने स्वतःला ओळखलं असावं, कारण तो जरा हसला. मग त्याने तिला पाहिलं. आत आला तेव्हा चपला काढायचं विसरला होता.

"काकू, ह्या... वहिनी..."

"हो."

"हा कधीचा?"

"तू मागत होतास तो."

तो काउंटर धरून उभा राहिला. नवऱ्याने त्याच्याकडे स्टूल सरकवलं. अध्यक्ष न बसताच म्हणाला, "काकू, काढता का तो तिथनं? पाया पडतो तुमच्या."

"माझ्या नको," मी म्हटलं. "फोटो तिचा आहे. ती म्हणाली तर काढते. जाऊन विचार. तुला पत्ता पाहिजे होता ना तिचा? आता माहीत आहे."